कोटेशनमधली सातवी ओळ

भाचीच्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन पाठकोऱ्या कागदावर होतं. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी प्रिंटर दुरुस्तीचं बिल, मागच्या बाजूला बॉलपेनने आठ ओळी. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. सातव्या ओळीत ‘५१२ एसएसडी + २ टीबी हार्डडिस्क’, म्हणजे साठवणीला ५१२ जीबीची वेगवान, आत काही न फिरणारी डिस्क आणि जोडीला जुन्या पद्धतीची मोठी, फिरती. आठवी ‘असेंबलिंग फ्री’. त्याखाली दोन रेघा मारून बेरीज आणि बेरजेखाली अधोरेखित शेरा : भाव फक्त आजचा.

भाचीने त्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, “मामा, सातवी ओळ बरोबर आहे का?”

कॉम्प्युटरचं काही निघालं की आमच्या घरात मलाच विचारतात. शिवाय ताईचं म्हणणं असं की हे गेमचं वेड पोरीला माझ्यामुळे लागलं, तेव्हा आता निस्तरायचंही मीच. आरोप खरा असल्यामुळे मी गप्प बसतो. बजेट सत्तर हजार. अर्धे तिच्या इंटर्नशिपचे, अर्धे ताईचे. त्यामुळे प्रत्येक ओळीवर घासाघीस होणारच होती.

‘भाव फक्त आजचा’ हे मात्र दुकानदाराचं नाटक नव्हतं. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढत गेले. एआयची डेटा सेंटरं चिपा ओरबाडून नेतात, आणि रॅमच्या काय, एसएसडीच्या काय, चिपा बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे एसएसडी की हार्डडिस्क या ज्या वादाचा निकाल लागून चार-पाच वर्षं झाली होती तो दुकानांच्या काउंटरवर पुन्हा उभा राहिला. एसएसडी छोटी घ्या, वर एक मोठी हार्डडिस्क घ्या, गेम तिच्यात टाका. पैसे वाचतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. ‘हो, हार्डडिस्क हवीच’ असं टाइप केलं, मग खोडलं. का हवी याचं कारण लिहायला गेलो तर एकही धड सुचेना. तरी हवी असं वाटत होतं.

२००८ साली मी साताऱ्याहून पुण्यात आलो आणि सदाशिव पेठेत एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहू लागलो. चौघांनी वर्गणी काढून मशीन असेंबल केलं. हार्डडिस्क १६० जीबी. दुकानदार म्हणाला होता, “आयुष्यात भरायची नाही.” सहा महिन्यांत भरली. त्यात निम्म्याहून जास्त गेम, आणि सगळ्यांत वरचढ ‘क्रिकेट ०७’. कुठूनतरी पैदा केलेल्या एडिटरने आम्ही खेळाडूंची नावं बदलली आणि पेठेतल्या देवळांच्या नावाने दोन टीम केल्या : चिमण्या गणपती इलेव्हन आणि भिकारदास मारुती इलेव्हन. वाड्यातली, मेसमधली, क्लासमधली झाडून सगळी माणसं त्यात होती. मेसचे काका विकेटकीपर. ते प्रत्यक्षात पोळी वाढतानासुद्धा चुकवायचे, पण आमच्याकडे त्यांची कॅचिंग ९४ होती. मॅच झाली की एका दोनशेपानी वहीत स्कोअर उतरवायचा, आणि मग त्या फॉर्मप्रमाणे एडिटरमध्ये खेळाडूंचे मार्क वाढवायचे किंवा कापायचे. हे काम माझ्याकडे होतं. आयुष्यात तेवढं प्रामाणिक ऑडिट मी नंतर कधी केलं नाही.

मॅच लोड होताना डिस्क बोलायची. आधी एक लांब कुर्रर्र, मग बारीक खरखर, मधूनच टक्, पुन्हा कुर्रर्र. खालच्या काकूंना बरेच दिवस वाटायचं वर उंदीर झालेत. एकदा पिंजरा घेऊन वर आल्या होत्या. आम्हाला त्या आवाजावरून कळायचं कितपत उरलंय ते. स्क्रीनवरची पट्टी खोटं बोलायची, नव्वद टक्क्यांवर जाऊन बसून राहायची. खरखर थांबली की मॅच आली. तेवढ्यात टॉस उडवून व्हायचा, चिरमुऱ्यांचा डबा उघडायचा, आणि मागच्या मॅचमध्ये कुणी रडीचा डाव खेळला ते भांडण मिटायचं किंवा पेटायचं.

म्हणजे मला हार्डडिस्क नकोच होती. मला ती पाऊण-एक मिनिटाची रिकामी जागा हवी होती. पण ते सत्तर हजारांच्या कोटेशनमध्ये कुठल्या ओळीत बसवायचं?

त्या डिस्कचा शेवट सांगायलाच हवा, कारण तोही या हिशेबात येतो. चार दिवस ती टक्-टक्-टक् करत होती, एका लयीत. मी कॅबिनेटला टपली मारली, आवाज थांबला. त्या काळी माझं हार्डवेअरचं ज्ञान टपलीपर्यंतच होतं. पाचवा दिवस गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, पाणीही जाणार आणि लाइटही. लाइट गेले, आले, आणि मशीनने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सांगितलं की डिस्क सापडत नाही. हार्डडिस्क उडाली. दोन्ही टीम गेल्या, मेसचे काका गेले. वही राहिली, पण वहीत मार्क नव्हते.

आम्ही सगळं खापर लाइटवर फोडलं. पुढे कधीतरी हार्डडिस्क आतून कशी चालते ते वाचलं तेव्हा कळलं की गुरुवार निर्दोष होता. आत आरशासारख्या तबकड्या असतात आणि वाचणारं मुंडकं, म्हणजे हेड, त्यांच्यावरून तरंगत जातं. अंतर काही नॅनोमीटर. केस त्यापुढे डोंगर. वीज अचानक गेली तर हेड तबकडीवर आपटायला हवं, पण आपटत नाही. तबकड्या अजून फिरत असतात, आणि त्या फिरण्यातूनच डिस्क स्वतःपुरती थोडी वीज काढते आणि तेवढ्यात हेड बाजूला नेऊन ठेवते. टक्-टक् होतं ते वेगळंच. वाट दाखवणाऱ्या खुणा हेडला वाचता येत नव्हत्या, म्हणून ते परत मूळ जागी जाऊन पुन्हा शोधायला निघत होतं. चार दिवस ती सांगत होती, आणि मी टपली मारली.

जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. ५० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास २४ इंच, आणि सगळं मिळून ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात कसाबसा बसेल. त्याच १९५६ साली पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची आगगाडी सुरू झाली. मला ही जोडी फार आवडते, कारण फुलराणीच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला हार्डडिस्क का हळू असते ते ठाऊक असतं. गाडी नुकतीच सुटली असेल तर पुढची फेरी पूर्ण होईपर्यंत थांबा. तुम्हाला कितीही घाई असो, ती गोलच फिरणार.

डिस्कची फेरी अर्थात झटपट होते. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला त्या वर्तुळापर्यंत सरकावं लागतं, त्याला आणखी आठ-नऊ. एका हेलपाट्याला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण पंचाहत्तर-ऐंशी हेलपाटे. मोठी सलग फाइल असेल तर काही बिघडत नाही, एकदा जागेवर पोचलं की सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी आरामात वाचून होतात. पण गेम सलग नसतो. गेमला या भिंतीचा रंग, त्या दाराचा आवाज, पलीकडच्या माणसाचा चेहरा असे हजारो तुकडे लागतात, आणि ते पेठेतल्या घरांसारखे विखुरलेले. एक पत्र चिमण्या गणपतीपाशी, दुसरं खुन्या मुरलीधरापाशी, तिसरं पार पत्र्या मारुतीच्या मागे, आणि पोस्टमन एकच, तोही पायी. काकूंना उंदीर वाटायचे ती त्याच्या चपलांची फरफट.

एसएसडीत पोस्टमन नाहीच. टपाल एकदम सगळ्या दारांत पडतं. आत फिरणारं काही नसतं, सिलिकॉनच्या बारीक बारीक खोल्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि किती कोंडले त्यावरून आकडा वाचायचा. जपानमध्ये तोशिबात फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ही फ्लॅश मेमरी काढली. एक हेलपाटा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, आणि असे अनेक एकाच वेळी.

गेम बनवणाऱ्यांनी त्या एकट्या पोस्टमनसाठी काय काय केलं हे कळलं तेव्हा मला त्यांची दया आली. प्लेस्टेशन ५ यायच्या आधी, मार्च २०२० मध्ये, त्याचे आरेखक मार्क सर्नी यांनी एका भाषणात सांगितलं की ‘स्पायडर-मॅन’च्या जुन्या गेममध्ये काही गोष्टींच्या प्रती हार्डडिस्कवर ४०० वेळा ठेवलेल्या होत्या. उदाहरण कशाचं, तर रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीचं! हेडला टपालपेटीसाठी लांब जावं लागू नये म्हणून शहराच्या प्रत्येक तुकड्यासोबत तीच पेटी पुन्हा लिहायची. ‘हेलडायव्हर्स २’ नावाचा गेम पीसीवर असाच प्रतींवर प्रती ठेवून दीडशे जीबीच्या वर गेला होता. २०२५ च्या शेवटाला त्यांनी प्रती काढून टाकल्या तर उरले सुमारे २३ जीबी. आणि मौज अशी की हार्डडिस्कवाल्यांनाही जेमतेम काही सेकंदांचाच फरक पडला, कारण वेळ खात होतं ते नकाशा तयार करण्याचं काम, वाचन नव्हेच.

ही शेवटची गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. एसएसडी घेतली की सगळं पळतं असा तिचा समज होता. पुढच्या रविवारी ती घरी आली. माझ्या मशीनमध्ये तीन पिढ्या एकत्र कुटुंबासारख्या नांदतात : म्हातारी १ टीबी हार्डडिस्क, मधली, सॅटा या जुन्या जोडणीची एसएसडी आणि बोर्डला थेट चिकटलेली एनव्हीएमई, म्हणजे नव्या, जास्त वेगवान जोडणीची एसएसडी. तिन्हींवर पाळीपाळीने ‘जीटीए ५’ टाकला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. दर वेळी मशीन रीस्टार्ट, कारण एकदा उघडलेला गेम विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं आणि दुसऱ्यांदा हार्डडिस्कसुद्धा शहाणी वाटते. हार्डडिस्कवर पावणेदोन मिनिटं. सॅटा एसएसडीवर पाऊण मिनिटाच्या आत. एनव्हीएमईवर त्याहून चार-पाच सेकंद कमी.

“एवढंच?” ती म्हणाली. “डब्यावर तर सहापट लिहिलंय.”

डब्यावरचं खोटं नाही. सॅटाची वायर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या पुढे जाऊ देत नाही, एनव्हीएमईची तिसरी पिढी साडेतीन हजारांपर्यंत जाते, चौथी सात हजारांपर्यंत, पाचवी चौदा हजारांच्या आसपास. पण आलेला माल उलगडायचं काम प्रोसेसरचं. दारात सात टेम्पो उभे राहिले तरी सामान लावणारा एकच असेल तर घर त्याच वेळात लागणार. ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये तर याहून भारी प्रकार होता. लोक वर्षानुवर्षं पाच-सहा मिनिटं लोडिंग बघत बसले, नव्या एसएसडी घेतल्या, कंपनीच्या सर्व्हरला शिव्या दिल्या. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने आत डोकावून पाहिलं तर गेम १० एमबीची वस्तूंची एक यादी इतक्या बावळटपणे वाचत होता की दर वस्तूला उरलेली अख्खी यादी पुन्हा मोजत होता. त्याने ते दुरुस्त केलं, त्याची सहा मिनिटं दोनाच्या आत आली, आणि कंपनीने त्याला १० हजार डॉलर दिले. त्यात कुठल्याच डिस्कचा दोष नव्हता.

मग एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात का, हा तिचा पुढचा प्रश्न. नाही वाढत, ते ग्राफिक कार्डाचं खातं. मात्र हार्डडिस्कवर गाडी सुसाट सोडली की एक गंमत दिसते. आम्ही बघितलीच. रस्ता आधी येतो, इमारती मागून उगवतात, आणि कधी कधी इमारतीऐवजी नुसता गुळगुळीत राखाडी ठोकळा. मग सगळं क्षणभर अडखळतं. सरासरी एफपीएस काढलं तर ते अडखळणं दिसतही नाही, पण खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नवे मोठे गेम तर वादच घालत नाहीत. ‘स्टारफील्ड’ला १२५ जीबी आणि ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी, आणि दोघांच्याही किमान गरजांत स्पष्ट लिहिलंय : एसएसडी आवश्यक.

तेव्हा सातवी ओळ चुकीची होती. त्यातला अर्धा भाग नव्हे, दोन्ही भाग. ५१२ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ने. विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि अपडेट गेले की तीन-सव्वातीनशे उरतात. असे दोन गेम टाकले की संपलं, आणि मग बाकीचे त्या २ टीबीत, म्हणजे जिथे ते नीट चालणार नाहीत तिथेच. मी म्हटलं, १ टीबी एनव्हीएमई घे, चौथ्या पिढीची, साधी. पाचव्या पिढीचे पैसे आत्ता वाया. सर्वांत स्वस्त कुठली ते बघून मात्र घेऊ नकोस. स्वस्तातल्यांत एका खोलीत चार-चार बिट कोंबलेले असतात, क्यूएलसी म्हणतात त्याला. झटपट लिहायच्या राखीव जागेचा सुरुवातीचा कोटा संपेपर्यंत लिहायला झकास, आणि एकदा तो भरला की काही मॉडेलं लिहिण्यात हार्डडिस्कच्या पातळीवर येतात. तीन बिटांची टीएलसी विचारून घे. आणि बोर्डवरची चिक्कीच्या लांबट वडीएवढी पट्टी दिसली म्हणजे ती एनव्हीएमईच असं नाही. एम.२ हा नुसता आकार आहे, आत सॅटाही निघते.

पैसे कुठून काढायचे? कॅबिनेटमध्ये सहा आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, पंखे होते. भाचीने दोनावर तडजोड केली, तोंड पाडून.

शनिवारी भर पावसात मंडईला मेट्रोतून उतरून आम्ही तपकीर गल्लीच्या दिशेने चालत गेलो. दुकानदार भला होता, पण २ टीबी सोडेना. “सर, घेऊन ठेवा हो, कॉलेजची मुलं आहेत, भरतात.” मी नाही म्हटलं, आणि त्यामागे एक जुनं दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून मी ‘नवी’ हार्डडिस्क आणली होती, चंदेरी पिशवीत सीलबंद. घरी तिची आरोग्यपत्रिका, म्हणजे स्मार्ट रिपोर्ट, उघडून पाहिला तर पॉवर ऑन अवर्स ११ हजार. सव्वा वर्ष अखंड राबलेली म्हातारी मला नवरी म्हणून दिली होती. परत करायला गेलो तर म्हणाले, सॉफ्टवेअर चुकतं कधी कधी. तेव्हापासून कुठलीही डिस्क आणली की आधी तास बघतो. या वेळची एसएसडी त्यांनी माझ्यासमोरच जोडून दाखवली. तास शून्य. त्यांना माझा राग आला नाही, उलट चहा सांगितला.

आणि तरी तिच्या मशीनमध्ये हार्डडिस्क गेली. माझी जुनी १ टीबी. तिला मी एकच कारण दिलं, ते खरंही आहे : गेम खेळण्यासाठी नाही, ठेवण्यासाठी. फायबरवर १०० एमबीपीएसने १५० जीबी उतरायला तीन तास वीस मिनिटं लागतात, डिस्कवरून एसएसडीवर हलवायला पंधरा-सतरा मिनिटं. माळ्यावरचा गणपतीच्या आराशीचा खोका जसा, तसं. शिवाय तिची रेकॉर्डिंगं, कॉलेजचे प्रोजेक्ट, ताईचे फोटो. एसएसडी मरते तेव्हा बऱ्याचदा टक् सुद्धा करत नाही, सकाळी उठून बघावं तर नाही. आणि पुसलेली फाइल एसएसडीतून परत मिळेल या आशेवर राहू नये. विंडोज ट्रिम नावाचा निरोप पाठवतं, तो मिळाला की एसएसडी सवडीने ती जागा खरोखरच साफ करून टाकते. तेव्हा दोन्हीकडे एक-एक प्रत ठेव, म्हटलं. मेसच्या काकांची गोष्ट तिला दहा वेळा ऐकवून झालीय, त्यामुळे तिने नुसती मान हलवली.

धायरीला तिच्या खोलीत मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी वाकून कॅबिनेटला कान लावला. विंडोज आली तरी ती खरखर काही ऐकू येईना. “चालू झालं?” मी विचारलं. “मामा, समोर डेस्कटॉप दिसतोय.” माझी डिस्क नुसती फिरत होती, तिच्या हेडला अजून कुणी हाक मारली नव्हती. मग भाचीने माझ्यासमोर तिच्यातला एक फोल्डर उघडला, आणि आतून तो आवाज आला. कुर्रर्र. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय गं, पडलं का काही?”

भाचीने गाड्यांचा गेम लावला. लोडिंगच्या पडद्यावर खाली एक ओळ उमटली, शिकाऊ ड्रायव्हरांसाठीच्या सूचनेची, आणि मी ‘इन’ एवढं वाचेपर्यंत शर्यत समोर उभी.

“थांब, पॉज कर. काय लिहिलं होतं?”

“लोडिंगला कुठला पॉज, मामा.”

तिलाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर ती दुसऱ्या मशीनवर हाच गेम खेळत होती, पण तिथेही तिने ती ओळ कधी पूर्ण वाचली नव्हती. मग आम्ही दोघं इरेला पेटलो. ती बाहेर पडायची, पुन्हा आत शिरायची, मी डोळे ताणून बसायचो. एकदा पहिले चार शब्द मिळाले, एकदा शेवटचे दोन. ताई चहा घेऊन आली आणि काय चाललंय ते न समजून तीही स्क्रीनकडे बघत उभी राहिली. सहाव्या खेपेला ताईनेच वाचलं, मोठ्याने आणि मराठीत :

“पावसात ब्रेक जरा आधी दाबा.”

“हे यांना लोडिंगमध्ये सांगायला लागतं?” ती म्हणाली आणि बशीतला चहा माझ्यापुढे सरकवला.